काळाकुळकुळीत बंपर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लोहा रोडच्या कडेला, सोयाबीन काढलेल्या रानात श्रीशैल मरून पडलेला सापडला. छातीवरून चाक गेलं होतं. तोंडाचा चेंदामेंदा झाला होता आणि समोरचा एक दात गायब होता. फौजदार विशाखा सोनकांबळेनं आजूबाजूची ढेकळं फोडून बघितली. दात काही मिळाला नाही.

श्रीशैल देगलूरचा. बायको पुनमला घेऊन सणाला सासरवाडीत आला होता.

दुपार व्हायच्या आत गावानं खुनी ठरवून टाकला. काळीपिवळी जीप चालवणारा बालाजी. आदल्या दिवशी स्टँडवर जागेच्या भांडणात श्रीशैलनं त्याच्या कानाखाली वाजवली होती, अन् "गाडीखाली घालीन तुला" असं बालाजी चारचौघांत बोलला होता. वर सकाळी तो बोअरवर जीप धूत होता आणि फेस लालभडक वाहत होता. गावाला तेवढं पुरलं. श्रीशैलचा मेहुणा अण्णाराव पुढं, गाव मागं. बालाजीचे दोन्ही हात मोडले, बरगड्यांवर लाथा घातल्या. पोलीस पोचले म्हणून तो दवाखान्यापर्यंत जिवंत आला.

डॉक्टर म्हणाले, "पोटात रक्तस्राव होतोय. आत्ताच्या आत्ता नांदेडला न्या, नाहीतर हातचा जाईल."

ॲम्ब्युलन्स दारात आली. पण फाटकात काठ्या घेऊन गाव उभं होतं. खुन्याला बाहेर जाऊ देत नव्हतं. नांदेडहून निघालेली पोलिसांची जादा गाडी अजून वाटेतच होती.

दवाखान्याच्या पायरीवर बालाजीची आई सरजाबाई पदर खोचून उभी होती. रडत नव्हती. रडून ऐकणारी माणसं ती नव्हतीच.

"रगत म्हणं! आरं मुडद्यांनो, हळदीला कपड्याची पावडर लागली की लाल होतंय. घरात बायका हायत न्हवं? का नुसतं ताटावर बसायलाच घरी जाता?"

"मावशी, पूजेची हळद दुसऱ्याच दिवशी कोण धुतं?" विशाखानं विचारलं.

"कोणच न्हाई. पण एक बेवडा जीपच्या दारावर ओकला. दारावर माझ्या हातचे हळदीचे पंजे व्हते. त्या घाणीला टेकून पॅसिंजर बसलं असतं का, साहेब? तुम्ही बसला असता?"

विशाखानं कॅन्टीनमधून चिमूटभर हळद मागवली. ताटलीत ओली केली, वर पावडरचा फेस टाकला. ताटली लाल झाली. गर्दीतल्या दोघा-तिघांच्या माना खाली गेल्या. अण्णारावची मान वरच होती.

"मग माझ्या दाजीला कुणी मारलं? ते सांगा, मग गाडी सोडतो!"

"चला, तुमच्याच घरी बसून शोधू," विशाखा म्हणाली. "श्रीशैल शेवटचा निघाला तो तुमच्याच दारातून."

अण्णारावच्या अंगणात पत्र्याखाली त्याची गाडी उभी होती. बॉनेटवर हळदीचे पंजे, सुकलेला झेंडूचा हार. पंज्यांतून ओली हळद ओघळत खाली आली होती आणि बॉनेटच्या कडेशी थांबली होती. त्याखाली बंपर, काळाकुळकुळीत. कडेच्या पट्ट्या, आरशांची टोपणं, सगळं तसंच चमकत होतं.

पुनम भिंतीला टेकून बसली होती.

"पुनमताई, रात्री काय झालं?"

"जेवताना दादा बापाच्या शेताच्या हक्कसोडीवर सही कर म्हणला. ह्यांनी मला करू दिली न्हाई. आवाज चढला. हे ताटावरनं उठले, पायीच निघाले."

"आणि दादा?"

"मी आत रडत व्हते. ठाव न्हाई."

विशाखा अण्णारावकडं वळली. "गाडी जुनी, पण प्लास्टिक झकास."

"उन्हानं राखेवानी पांढरं पडलं व्हतं. नांदेडला रॉकेलनं पुसून घेतलं, हीटगनची धग दिली, वरून तेल चोळलं. काळं वर येतंय."

"कधी केलं?"

"दसऱ्याच्या आधी. पूजेला गाडी नटवाया नको?"

"पूजेनंतर गाडी बाहेर गेली?"

"हललीच न्हाई."

"धुतली? पुसली?"

"छ्या! बहिणीच्या हातची पूजा हाय. ती कोण पुसतंय?"

"पुनमताई, कुठं कुठं लावली हळद?"

"बॉनेटवर पंजे. बंपरावर स्वस्तिक काढलं, कुंकवाची बोटं उठवली." पुनम बोलता बोलता थांबली. तिनं मान वर करून गाडीकडं बघितलं, आणि ती हळूहळू उठून उभी राहिली. "दादा, माझं स्वस्तिक कुठं गेलं?"



"मी सांगते," विशाखा म्हणाली. "बंपर आधी काळा केला असता, तर ताईंची हळद त्याच्यावर दिसली असती. बॉनेटवरचा ओघळ बघा, बंपर लागतो तिथं सुरीनं कापल्यासारखा तुटलाय. म्हणजे पूजा आधी झाली, रॉकेल मागनं फिरलं. गुळगुळीत पत्र्यावरचं रक्त पाण्यानं जातं. खरबरीत प्लास्टिकच्या दाण्यादाण्यात बसलेलं जात नाही. म्हणून ह्यानं घासलं, धग दिली, तेल चोळलं. एकटा बंपर चमकला तर डोळ्यात येईल म्हणून सगळ्या पट्ट्या केल्या. पण बॉनेटची हळद पुसायला हात धजला नाही. माणूस मारला, पूजा मोडवली नाही."

तिनं शिपायाला खूण केली. त्यानं पहार घालून बंपर उचकटला. आतल्या जाळीत वाळलेलं रक्त होतं. रक्तात रुतलेला एक दात होता.

अण्णाराव झेपावला. त्यानं शिपायाच्या हातची पहार हिसकली आणि विशाखाच्या डोक्यावर उगारली. ती बाजूला झाली. पहार बॉनेटमध्ये घुसली. विशाखाच्या काठीनं त्याचं मनगट कडकन मोडलं. तो गुडघ्यावर आला.

"शेत माझ्या बापाचं हाय!" तो ओरडला. "देगलूरच्या माणसानं त्यात वाटा मागायचा?"

"बाप माझाबी व्हता," पुनम म्हणाली. बस, एवढंच.

मग ती अनवाणी दवाखान्याकडं निघाली. विशाखानं तिला पोलिसांच्या जीपमध्ये घेतलं.

फाटकात गर्दी तशीच होती. पुनम खाली उतरली आणि काठ्यांच्या पुढ्यात उभी राहिली.

"माझा नवरा माझ्या दादानं मारला. दाजी दाजी करून तुम्हाला नाचवणाऱ्यानंच. वाट सोडा."

काठ्या खाली आल्या. माणसं बाजूला सरकू लागली, हळूच घराकडं पाय काढू लागली. पायरीवरून सरजाबाईचा आवाज कडाडला.

"कुठं चालला? थांबा तिथंच! लाथा घालताना लई जोर व्हता न्हवं? या हिकडं. चौघं स्ट्रेचर धरा. अन् हळू धरा, त्याचे हात तुम्हीच मोडलेत."

कुणी वर बघितलं नाही. चौघं पुढं आले. बालाजी कण्हत होता, म्हणजे जिवंत होता. त्यांनी त्याला उचलून ॲम्ब्युलन्समध्ये ठेवलं. सरजाबाई लेकाच्या उशाशी बसली आणि तिनं आतून दार ओढून घेतलं.