एक छटा गडद

"माझे डोळे गेले हो," असं म्हणत रंगबाई खुर्चीत टेकल्या, आणि पुढचं ऐकण्याआधीच भावजींचं डोकं तापलं.

वहिनी खासगी तपासाचं काम करत. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे सगळ्यांचे भावजी, त्यांच्याबरोबर हिंडत. वहिनींकडे डोकं होतं आणि भावजींकडे राग.

रंगबाई बावीस वर्षं एका कारखान्यात कापडाच्या छटा जुळवत होत्या. गिऱ्हाइकाने राखाडी रंगाचा नमुना पाठवला, त्याबरहुकूम त्यांनी कापड रंगवलं. आठ दिवसांपूर्वी मालकाने ते गडद झालं म्हणून त्यांना सगळ्यांदेखत काढून टाकलं होतं.

"नमुना कुणी बदलला असेल," वहिनी म्हणाल्या.

"छे. नमुन्याच्या कापडावरच कोपऱ्यात गिऱ्हाइकाची सही आहे, तोच तो. शेजारी ठेवून पाहिलं तर मलासुद्धा कापड गडद दिसलं. कुणाला बोल लावू?"

"एरवी तुम्ही जुळवता कसं?"

"राखाडी कागदाला दोन भोकं पाडते. एकाखाली नमुना, दुसऱ्याखाली कापड. त्या दिवशी मात्र हात लावू दिला नाही. दंडाला धरून बाहेर काढलं."

"दंडाला धरून?" भावजी उठलेच.

"बसा भावजी. कारखान्यात तुमचं वाकडं कुणाशी आहे, बाई?"

"गोदामवाल्याशी. आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आणि मालकांच्या पुतण्याशी. त्याचा डागाळलेला माल मी दोनदा परत पाठवला."

मालकांच्या खोलीत पांढऱ्याशुभ्र टेबलावर ते राखाडी कापड पसरलं होतं. शेजारी काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला नमुना होता. भावजींनी टक लावून पाहिलं. कापड गडद होतं, चांगलं एक छटा गडद. त्यांना बाईंची कीव आली, आणि कीव आल्याचा स्वतःवरच संताप आला.

"बघा ना तुम्हीच," मालक म्हणाले. "नमुना मी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिला. पुतण्याने आणून दाखवला. आंधळ्यालाही कळेल."

"कापड या टेबलावर कुणी पसरलं?"

"त्यानेच."

गोदामवाला तर रंगबाईंचं नाव काढताच उसळला. "गेली ते बरं झालं! फार तोरा होता."

"नमुन्याचं पाकीट कुणी उघडलं?"

"मीच. पांढऱ्या पुठ्ठ्यावर लावलेला होता. बाईंनी काम झाल्यावर कपाटात ठेवला. किल्ली पुतण्याकडे असते."

पुतण्याची खोली फोटोंनी भरली होती. सगळे काळ्या पुठ्ठ्यावर लावलेले.

"छान दिसतात," वहिनी म्हणाल्या.

"काळ्यावर उजळ दिसतात," तो खुलला. "हौस आहे आपली."

"आणि तो नमुना?"

"आला तसाच आहे. कुणी हलवू नका म्हणावं, पुरावा आहे तो."

वहिनींनी सगळ्यांना मालकांच्या खोलीत बोलावलं. रंगबाई दाराशीच उभ्या राहिल्या. वहिनींनी एका राखाडी फायलीचा पुठ्ठा घेतला, कात्रीने दोन भोकं पाडली आणि तो नमुन्यावर आणि कापडावर झाकला.

भावजी वाकले. दोन्ही भोकांत एकच रंग होता, तिळमात्र फरक नाही. पुठ्ठा उचलला की कापड पुन्हा गडद. "हे काय चेटूक आहे?"

"आपल्या डोळ्यांची रीतच ती," वहिनी म्हणाल्या. "रंग उजळ की गडद हे डोळे शेजार बघून ठरवतात. काळ्यावरचा राखाडी उजळ वाटतो, पांढऱ्यावरचा गडद. कितीही तयार नजर असो, फसतेच. म्हणून बाई कागदातून बघतात. म्हणूनच त्यांना हात लावू द्यायचा नव्हता."

त्यांनी नमुन्याची कड नखाने उचलली. मागे फाटलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे चिकटले होते.

"म्हणजे गोदामवाला खरं बोलला. सही तीच, म्हणून बदललेला पुठ्ठा बाईंच्याही ध्यानात आला नाही. बाईंच्या फायद्याचं खोटं तो कशाला बोलेल? पुतणेसाहेब म्हणतात, आला तसाच आहे. किल्ली त्यांची, मांडणी त्यांची, आणि काळ्यावर उजळ दिसतं हे ज्ञानही त्यांचंच. डागाळलेला माल परत पाठवणारी बाई दूर झाली की रान मोकळं."

पुतण्याच्या तोंडचं पाणी पळालं. "काका, मी फक्त..."

"गप्प बस!" भावजी असे गरजले की मालकच दचकले.

मालकांनी घसा साफ केला. "बरं, झालं गेलं विसरून जा, बाई. उद्यापासून या कामावर."

रंगबाई पुढे आल्या.

"तुम्ही फसलात, ते माफ. पण आठ दिवस मी घरात भाजी चिरताना रंग तपासत बसले. लेकीला विचारत होते, बाळ, हे हिरवंच आहे ना? दंडाला धरलंत सगळ्यांसमोर. आता मशिनी बंद करा, सगळ्यांना गोळा करा, आणि काय झालं ते तुमच्या तोंडाने सांगा. यालाही शेजारी उभा करा."

"अहो, मशिनी बंद म्हणजे..."

"बंद."

मालकांनी वहिनींकडे पाहिलं. भावजींनी पुतण्याचा दंड धरला आणि दार उघडलं.

थोड्या वेळाने खालच्या मशिनी एकेक करून थांबल्या.