चार गुण जास्तीचे

पहिल्याच भेटीत मी आशयला दहापैकी चार गुण दिले. म्हणजे त्याला नाही, त्याच्या चहाला. पण तो माझ्यामागे तीन जिने धावत चढून आला, तेव्हा त्याने ते स्वतःवरच घेतले असणार.

महाराणा प्रताप नगरमधल्या एका कोचिंग क्लासच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी केमिस्ट्रीचे पेपर तपासते. दिवसाला साठ. होळीनंतरच्या आठवड्यात आमचं चहाचं मशीन वारलं. शोक आवरून मी हातातल्या लाल पेनासकट खाली उतरले. तळमजल्यावर ‘पत्ती’ नावाचं नवं दुकान लागलं होतं. काचेमागे बरण्या, आणि बरण्यांमागे बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला एक उंच मुलगा.

“एक चाय,” मी म्हटलं.

“कौन सी?”

आमच्या भोपाळात फार तर ‘नमकवाली की मीठी’ एवढंच विचारतात. त्याच्या मागच्या फळ्यावर सव्वीस नावं होती. मी म्हटलं, जो ठीक लगे. त्याने गुलाब-वेलची दिली. मी ती उभ्या उभ्या संपवली, आणि सवयीने कागदी कपावर लाल पेनाने लिहिलं — ‘४/१०. लग्नाच्या दारात गुलाबपाणी शिंपडताना तोंड उघडं राहिलं, अशी चव. चहा कुठे आहे? पायऱ्या दाखवा.’ कप काउंटरवर ठेवला आणि वर आले.

तिसऱ्या मजल्यावर पोचते तोच मागून आवाज.

“मॅडम! एक मिनिट... मॅडम...”

तो. हातात माझा उष्टा कप. धाप लागलेली.

“कप परत न्यायचा असतो का?” मी विचारलं.

“नाही. सहा मार्क कुठे कापले, ते विचारायचंय.”

मराठी होता. अर्थात, कपावर मी मराठीतच लिहिलं होतं.

“गुलाब आधी येतो, वेलची मागून येते. मधे चहा येतच नाही.”

“रीचेकिंग होतं का?”

“अर्ज करावा लागतो.”

“कोणाकडे?”

“...माझ्याचकडे.”

त्याच्या कपाळावरून घामाचा एक थेंब निघाला आणि भुवईपाशी येऊन विचारात पडला. आणि मी, जिचे साठ पेपर टेबलावर पडले होते ती, त्या थेंबाचं पुढे काय होतं ते बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मशीन दुरुस्त झालं. मी कुणाला सांगितलं नाही.

मग रोज चार वाजता खाली. मी प्यायची, कपावर शेरा लिहायची, आणि तो शेरा वाचताना माझ्याकडे न बघण्याचा अतोनात प्रयत्न करायचा. लॅव्हेंडरच्या चहाला दोन — ‘पाहुण्यांच्या बाथरूममधला साबण. दिसतो छान, वापरायचा नसतो.’ दालचिनी-संत्र्याला सहा — ‘लहानपणी भाऊ डोळ्यात साल पिळायचा. ती आठवण, पण आता त्याला माफ केलंय.’ गवती चहा आणि लिंबाच्या सालीच्या कोल्ड ब्रूला, म्हणजे गार पाण्यात मुरवलेल्या चहाला, आठ — ‘ताप नसताना ताप आल्याचे लाड.’ जास्वंदीच्या कोल्ड ब्रूला तीन. रंग असा राणी, की बघूनच कुणी लग्नाला बोलवावं. चव मात्र... ‘आमसुलाला सर्दी झाली आहे.’

“सर्दी?” आशय म्हणाला. “मृणाल मॅडम, चौदा तास फ्रिजमध्ये होती ती.”

“मग होणारच.”

सगळ्यात जास्त भांडण झालं ते साध्या हिरव्या पत्तीच्या कोल्ड ब्रूवरून. त्यात काहीच नव्हतं. ना फूल, ना फळ. फक्त पत्ती आणि गार पाणी, रात्रभर. मी पाच दिले. ‘उत्तर कोरं सोडलं आहे. अक्षर चांगलं.’

“तुम्ही घाई करता,” तो म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने सरळ बघितलं. “ही पहिल्या घोटाला बोलत नाही.”

“मग कितव्याला बोलते?”

“ते... बसून राहिलात तर कळेल.”

मी बसून राहिले. चहा काही बोलला नाही. तोही बोलला नाही. तरी मला वर जायला सव्वापाच झाले.

एप्रिलमध्ये एके दिवशी काउंटरवर आशयऐवजी पांढऱ्या बुशशर्टातले एक गृहस्थ होते, आणि आशय मागे बरण्यांपाशी. ते किटलीच्या पाण्यात भलंमोठं थर्मामीटर बुडवून वहीत आकडा टिपत होते. आशयचे बाबा, नरहरकाका. कारखान्याच्या क्वालिटी विभागात अडतीस वर्षं काढून रिटायर झालेले. अयोध्या नगरच्या घरात पोळी फुगली की हे तिचा व्यास मोजतात, असं आशयने सांगितलं होतं. मला ते अतिशयोक्त वाटलं होतं. तोवर.

त्यांनी फळीवरचे कप बघितले. माझे. सगळे. आशयने ते धुऊन, तारखेनुसार लावून ठेवले होते. मला हे माहीत नव्हतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“हे शेरे तुझे, बेटा?”

“हो, काका.”

“बाकी लोक लिहितात ‘मस्त है भाई’. त्याला टॉलरन्स नसतो, किती कमी-जास्त चालेल ते कळत नाही.” त्यांनी चष्मा पुसला. “ऐक. याला पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलंय. एक जूनला हजर व्हायचंय. हा म्हणतो, दुकानच चालवणार. मी म्हणतो, माल चांगला असेल तर चालव. पण माल चांगला आहे हे बनवणाऱ्याने सांगायचं नसतं, त्याच्या बापानेही नाही. बाहेरचा निरीक्षक लागतो. तीस मेला तपासणी. तीन नमुने. दोन सातच्या वर गेले तर दुकान, नाही तर पुणे. तू करशील?”

मी आशयकडे बघितलं. तो बरणी पुसत होता. ती आधीच स्वच्छ होती.

“करीन.”

काकांनी पट्टीने आखलेला एक फॉर्म काढला. “रकाना सात. निरीक्षकाचा मेकरशी नातेसंबंध. आहे का?”

“नाही.”

आशयच्या हातून बरणीचं झाकण पडलं. गोल गोल फिरत राहिलं... बराच वेळ.

“उत्तम,” काका म्हणाले. “तीस मेपर्यंत असाच राहू द्या.”

प्रेमकथेत या ठिकाणी पाऊस येतो. भोपाळात मे महिन्यात त्रेचाळीस डिग्री येते. आमच्याकडे पावसाच्या जागी दुकानातला कूलर होता, ज्याचा पंप बिघडल्यामुळे तो हवेऐवजी सरळ पाणीच फेकायचा. एकदा आशय तो दुरुस्त करायला वाकला आणि मी त्याला पाना द्यायला वाकले, तेवढ्यात पंप सुरू झाला. दोघंही नखशिखांत भिजलो. वाळ्याच्या ताट्यांचा वास, आणि त्याच्या पापण्यांवर थेंब —

“तुझे... तुमचे केस,” तो म्हणाला.

“तुझे चालेल.”

“तुझ्या केसांत वाळा अडकलाय.”

“काढ मग.”

त्याने काढला. अतिशय सावकाश. एक काडी काढायला माणसाला एवढा वेळ लागत असेल, तर पुण्याच्या कंपनीने त्याला घेतलं कसं, असं मनात आलं. त्या दिवशी त्याने जास्वंदीचा कोल्ड ब्रू दिला. मी सात गुण दिले.

घरी तुलसी नगरला पोचल्यावर, आंघोळ करताना, मला तो सात आठवला आणि तांब्या हातातच राहिला. सात? आमसुलाच्या सर्दीला?

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ऑफिसातल्या नेहाला पाठवून जास्वंदीचा ग्लास वर मागवला. ट्यूबलाइटखाली, पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी बसून प्यायले. तीन. निर्विवाद तीन.

म्हणजे चार गुण चहाचे नव्हते. ते दुमडलेल्या बाह्यांचे होते. पापण्यांवरच्या थेंबांचे होते. मी आयुष्यात कुणाला अर्धा गुण फुकट दिलेला नाही. तीसला पास होतं, तरी सख्ख्या मावसभावाला एकोणतीसवर नापास केलंय. त्यावर मावशी अजून बोलत नाही.

“नेहा,” मी म्हटलं, “माझी जीभ बिघडलीय.”

“जीभ नहीं, पगली,” नेहा म्हणाली. “अख्खी तू बिघडलीस. फॉर्मवर खोटं लिही आणि दहा देऊन टाक. मुलगा भोपाळात राहील.”

“आणि दुकान चाललं नाही तर? त्याला वाटेल चहा चांगला होता.”

 मला तोवर माहीत नव्हतं, की नेहाला द्यायचं हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. त्याने इथे राहावं असं मला वाटत होतं. पण माझ्या चार गुणांवर नाही. त्याच्या स्वतःच्या.

तीस मेला दुपारी चारला मी खाली गेले. काकांनी पडदे ओढले होते. काउंटरवर चार सारखे स्टीलचे पेले. चारही पेल्यांवर झाकणं, झाकणांवर खडूने आकडे.

“तीन म्हणाला होतात.”

“चौथं काय आहे ते निरीक्षकाला सांगत नाहीत.”

आशयला त्यांनी बाहेर काढलं होतं. मेकरने उपस्थित राहायचं नसतं. तो काचेबाहेर, उन्हात, पडद्याच्या फटीला नाक लावून उभा होता. त्याला काहीच दिसत नसणार. तरी हटत नव्हता.

मी डोळे मिटले. बाह्या नाहीत, पापण्या नाहीत. फक्त जीभ.

पहिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजारी पडलं की घरभर लाड व्हायचे, तो वास. आठ. लिहिलं.

दुसरा. आमसूल. सर्दी अजून आहे. तीन. लिहिलं. आता एकच नमुना राहिला होता, किंवा दोन. त्यातला एक तरी सातच्या वर हवा होता.

तिसरा. तोंडात घेतला आणि कपाळाला आठी पडली. “काका, हा चहा नाही. ओवा आहे. बडीशेप आहे. कुणाच्या तरी पोटाचं औषध आहे हे. एक. तोही सदिच्छेचा.”

काकांचा चेहरा किंचित पडला. “ते माझं आहे. अ‍ॅसिडिटीचं. मुद्दाम ठेवलं. सगळ्यालाच चांगलं म्हणतेस का, ते बघायला.” वहीत टिपून म्हणाले, “उपकरण शाबूत आहे.”

चौथा. गार. आणि काहीच नाही. ना फूल, ना फळ. कोरं. मी पेन उचललं... आणि ठेवलं. बसून राहिले. दुसरा घोट घेतला. कूलर घरघरत होता. तिसऱ्या घोटाला जिभेच्या मागे, अगदी कडेला, काहीतरी गोड येऊन बसलं. न विचारता. जसं कुणी शेजारी येऊन बसावं, आणि तास गेल्यावर आपल्या लक्षात यावं की अरे, हा इथेच होता.

नऊ. मी शेरा लिहिला — ‘मार्चमध्ये पाच दिले होते. चूक परीक्षकाची.’

“दोन सातच्या वर,” काका म्हणाले. आवाजात काहीही नव्हतं, पण थर्मामीटर त्यांनी दोनदा खिशात घातलं. “पास. सही कर. रकाना सात भरून.”

रकाना सात. आहे / नाही. नको ते खोडा.

नुसतं ‘आहे’ खोडलं, की तो इथे राहणार होता. एक रेघ. माझ्या लाल पेनात तेवढी शाई नक्कीच होती.

मी ‘नाही’ खोडलं.

काकांनी त्या रेघेकडे बघितलं. मग दार उघडून म्हणाले, “मेकर, आत ये.”

आशय आला. नाकावर काचेची धूळ, शर्ट घामाने भिजलेला. “बाबा? काय झालं? पास की...”

काकांनी फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. तो वरून वाचत आला. आठ, तीन, एक (इथे बापाकडे बघितलं), नऊ. मग सातव्या रकान्यावर थांबला.

“मृणाल... यात चूक झालीय का?”

“नाही.”

“कधीपासून?”

“तारीख विचारली नाहीये फॉर्ममध्ये.” माझा आवाज कुठल्या तरी दुसऱ्याच मुलीचा येत होता. “जास्वंदीला सात दिले ना, तेव्हा कळलं. असेल त्याआधीपासून. आणि सॉरी. आता हे सर्टिफिकेट बाद. तुला पुण्याला —”

“माल पास,” काका मधेच म्हणाले. “निरीक्षक बाद. म्हणजे तपासणी अपूर्ण. नवा निरीक्षक मिळेपर्यंत निर्णय होत नाही, आणि निर्णय होत नाही तोवर चालू काम बंद करता येत नाही. नियम आहे.”

“मग नवा निरीक्षक कधी मिळेल?” आशयने विचारलं.

“शहरात दुसरं असं उपकरण माझ्या पाहण्यात नाही,” काका म्हणाले. “बरीच वर्षं लागतील.” आणि ते मागच्या खोलीत, फ्रिज उघडून, खूप आवाज करत काहीतरी शोधायला लागले.

फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती. ‘वरील माहिती मेकरला मान्य / अमान्य.’ आशयने माझ्या बोटांतून लाल पेन काढून घेतलं. या वेळी अजिबात वेळ लावला नाही. ‘अमान्य’ खोडलं, सही केली, आणि पेन परत देताना धरलेला माझा हात मात्र परत दिला नाही.

“मला किती?” तो हळूच म्हणाला.

“पायऱ्या दाखव.”

“अगं, तीन जिने चढून आलो होतो. आणखी किती पायऱ्या?”

मी हसायला लागले. तोही. मागून काका ओव्याची बाटली घेऊन दारात आले आणि खाकरले.

“बेटा, एक विचारायचं होतं. याला खरंच एकच?”

“दोन करते, काका.”

 काकांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं.

“नको,” ते म्हणाले. “आता ते गुण नात्यातले होतील.”