चौथ्या लेनमधला सायकलवाला

तिसऱ्यांदा तिच्या तळपायाला मागून कुणाची तरी बोटं लागली... आणि डॉक्टरचा पारा भर गार पाण्यात चढला.

डॉक्टर म्हणजे दातांची. मोठ्या माणसांच्या या पोहण्याच्या क्लबात तिला सगळे याच नावाने हाक मारत, आणि चौथी लेन हे तिचं राज्य होतं. क्लबातला रिवाज साधा होता: मागच्याने पुढच्याच्या तळव्याला बोट लावलं, की ‘मला घाई आहे, भिंतीपाशी वाट द्या.’ ती प्रत्येक वेळी मुकाट्याने कोपऱ्यात सरकली होती. आणि प्रत्येक वेळी मागचा माणूसही तिच्याच शेजारी येऊन धापा टाकत उभा!

“जायचंय तर जा ना!”

“कुठे?”

“पुढे! नाहीतर पायाला हात कशाला लावताय?”

“अहो, पुढे कशाला? मला तर मागेच राहायचंय.” त्याने गॉगल कपाळावर चढवला. डोळ्यांभोवती लाल वर्तुळं उमटली होती, आणि नजर अगदी निरागस होती.

तो ट्रायथलॉनवाला निघाला. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. असली मंडळी त्या आठवड्यापासून क्लबात सरावाला येऊ लागली होती. त्यांची रीत वेगळी. शर्यतीत तळ्यात पोहताना चांगल्या पोहणाऱ्याच्या पावलांमागे राहायचं, त्याने कापलेल्या पाण्यातून कमी कष्टात सरकायचं. मधूनच बोट लागलं, की समजायचं आपण वाटेवर आहोत.

“म्हणजे फुकटचा प्रवास,” ती म्हणाली.

“हो, पण पाया पडून!”

तिला हसायचं नव्हतं. नाकात पाणी गेलं, तरी हसलीच.

जुने पोहणारे या सायकलवाल्यांना अगदी पाण्यात पाहत, आणि तेही शब्दशः. त्यात हा तर शाळेत भूगोल शिकवणारा. सरळ रेषेत पोहणं त्याला जमत नसे. पाय तर मुळीच हलवायचा नाही.

“पाय काय घरी ठेवून येता?”

“जपून ठेवलेत. सायकलला लागतात.”

“कंजूष!”

पण दिवस गेले तशी ती त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागली. तो अंधारात सायकल दामटत यायचा, पोहायचा, आणि ओल्या केसांनीच धावायला निघायचा. तिला पाण्याने सगळं न मागता दिलं होतं. त्याला मात्र एकेक फेरी पाण्याच्या हातून ओढून घ्यावी लागायची. एखादी गोष्ट इतकी वाईट, आणि तरी इतका जीव ओतून करणारा माणूस तिने पाहिला नव्हता. तो आवडायला लागला होता, झालं! स्वतःशी किती दिवस लपवणार?

एकदा भिंतीपाशी दम खाताना त्याने सांगितलं, “गेल्या वर्षीच्या शर्यतीत तळ्यात मध्येच घाबरलो, श्वासच घेता येईना. बोटीत घालून आणलं मला. या वेळी पुन्हा तसं झालं, तर... बास. शर्यतच सोडून देणार.”

तिने मनात हिशेब केला. शर्यत सुटली, तर हा क्लबात कशाला येईल?

मग ती हात धुऊन त्याच्या मागे लागली. श्वास कसा सोडायचा, घाबरल्यावर उताणं होऊन तरंगायचं कसं, सगळं घोटून घेतलं. तोही गुणी विद्यार्थ्यासारखा ऐकायचा. कधी कधी ऐकता ऐकता नुसताच बघत राहायचा...

“लक्ष कुठे आहे?”

“तुमच्याकडेच तर आहे.”

शर्यतीच्या आदल्या दिवशी तिने विचारलंच, “उद्यानंतर... येणार ना इथे?”

“पाण्यातून चालत बाहेर आलो, तर सांगतो.”

दुसऱ्या सकाळी ती जीव मुठीत धरून तळ्याच्या काठच्या कठड्याशी उभी होती. टोप्या येत होत्या, लोक उठून सायकलींकडे पळत होते. तो नव्हता. दूर एक बोट कुणाकडे तरी वळली, तशी ती कठड्यावरून पुढे वाकली. कुणीतरी उताणं तरंगत होतं... मग ते पालथं झालं, आणि वेडंवाकडं पोहू लागलं. बोट रिकामीच मागे फिरली. असं वाकडं पोहणारा साऱ्या तळ्यात एकच होता!

तो लटपटत बाहेर आला. आणि सायकलीकडे जायचं सोडून थेट कठड्याशी.

“अहो, वेळ चाललाय तुमचा!”

“चालू दे. पोहणं मला अजूनही आवडत नाही,” तो धापा टाकत म्हणाला. “तुम्ही आवडता. फार. म्हणून येणार... रोज. चालेल?”

तिचे डोळे भरून आले. आजूबाजूची माणसं कान टवकारून उभी होती.

“चालेल, चालेल! पळ आता!”

तो पळाला नाहीच. ओठांवर हसू पसरत गेलं. “काय म्हणालात?”

“पळ म्हटलं ना!”

“‘पळा’ नाही?”

“नाही,” ती म्हणाली. कानापर्यंत लाल झाली होती, पण मान तिने खाली घातली नाही. “पळ. आणि लवकर ये.”