टेक्सास की मेक्सिको?

चौघं रिओ ग्रांद नदीच्या दरीत निघाली होती ती मासे मारायला नव्हे, कंपनी वाचवायला!

तेलाचे भाव कोसळले आणि ह्यूस्टनच्या भल्याभल्या इंजिनियरांवर घरी बसायची पाळी आली. उल्हास, संजीव आणि नंदा त्यातलेच. मग तिघांनी जवळच्या शुगर लँड गावात आपलीच कंपनी थाटली, उल्हास प्रमुख झाला, आणि सत्त्याऐंशी साल उजाडेपर्यंत रोज खडाजंगी सुरू! आता संजीवला दुसरीकडून नोकरी चालून आली होती. तो गेला तर पाइपलाइनची डिझाइनं करणार कोण? आणि जिवलग मित्र गमवायचा तो वेगळाच.

नंदाचे वडील, निवृत्त मेजर विष्णूकाका, तेव्हा लेकीकडे आले होते. ते म्हणाले, "मीटिंगा पुरे झाल्या. एकदा नदीत उतरा, मग काय ते ठरवा. मीही येतो."

दरी मोठी देखणी होती. डावीकडे टेक्सासचा कडा, उजवीकडे मेक्सिकोचा, मधून हिरवट पाणी संथ वाहत होतं आणि वर आभाळाची निळी पट्टी तेवढी उरली होती. नंदा तर गुणगुणायलाच लागली. एवढ्यात पुढे पाणी उसळताना दिसलं.

"लेफ्ट! लेफ्ट!" उल्हास ओरडला.

"हो!" म्हणत संजीवने डाव्या बाजूला दणादण वल्हं मारलं. त्यांची रबरी राफ्ट गर्रकन उजवीकडे वळली आणि धाडकन खडकावर आदळली!

"अरे, लेफ्टला जायचं होतं!"

"मग तसं सांग ना यार! तू लेफ्ट म्हणालास, मी लेफ्टला मारलं!"

"माझ्या दशम्या!" नंदा किंचाळली. डबा व्हिसाशिवायच मेक्सिकोकडे निघाला होता.

काठाला लागल्यावर विष्णूकाकांनी मिशीतलं पाणी निपटलं. "उल्हास, फौजेत हुकूम सोडला की काम संपत नाही. समोरच्याने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा, आणि आपण कान देऊन ऐकायचा. नुसतं 'हो' म्हणजे ऐकू आलं, एवढंच!"

उल्हासला ते झोंबलं. ऑफिसात सगळे 'हो' म्हणायचे, तेवढ्यावर तो खूश असायचा, आणि मग काम भलतंच झालं की खडाजंगी!

"लेफ्ट-राइट बंद," तो म्हणाला. "नाक टेक्सासकडे की मेक्सिकोकडे, एवढंच बोलायचं."

पुढच्या वळणावर तर वाटच अडली होती. कड्याचा लचका तुटून घराएवढे दगड नदीत पडले होते आणि त्यांच्यातून पाणी गर्जत होतं. सगळे उतरून दगडांवर चढले.

उल्हासने बेत सांगितला. "त्या मोठ्या खडकाच्या टेक्सासच्या अंगाने. संजीव, आता तू सांग."

"टेक्सासच्या अंगाने फटीत शिरायचं," थोडा पलीकडे उभा असलेला संजीव म्हणाला, "आणि आत अडकलेल्या झाडावर आपटायचं."

"झाड? कुठलं झाड?"

उल्हास धावत त्याच्याजवळ गेला. खरंच की! फटीत आडवं झाड, आणि सगळं पाणी त्याच्या फांद्यांतून घुसत होतं. शिरले असते तर संपलंच होतं!

"माझा प्लॅन कॅन्सल. संजीव, पुढे बस. आता हुकूम तुझा."

राफ्ट सुटली. पाण्याने खेचली!

"मेक्सिको!" संजीव गरजला.

"नाक मेक्सिकोकडे!" तिघं ओरडली.

वल्ही पडली. खडक अंगावर आला. निसटला! लाट तोंडावर आपटली.

"टेक्सास! जोरात!"

"नाक टेक्सासकडे!"

उल्हासने जीव खाऊन वल्हं मारलं. राफ्ट उडाली, खाली आपटली, आणि एकदम सगळं शांत झालं. सुटलो! नंदाने अशी काही शीळ घातली की दोन्ही देशांत ऐकू गेली असावी.

उल्हासने मात्र घाबरत घाबरत विचारलं, "त्या नोकरीवाल्यांना काय कळवणार आहेस?"

"तू वर्षात पहिल्यांदा माझं ऐकलंस," संजीव म्हणाला.

"चुकलंच माझं. राहा ना रे!"

"राहतो, बाबा. त्यांना नाही म्हणून कळवतो."

उल्हासने उठून त्याला कडकडून मिठी मारली. राफ्ट कलंडली आणि नंदासकट तिघंही पाण्यात! वर उरले एकटे विष्णूकाका. पण ते इतके हसत होते, की त्यांना दोरही धड फेकता येईना.