बिनकुलपाचं वायफाय

नवरीच्या जागी म्हैस आली, आणि दीपमालाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

यायला हवी होती उदगीरची नवरी. हिरवा शालू, मुंडावळ्या, खाली झुकलेली नजर... दीपमाला घरी बसून करत असलेल्या लग्नाच्या अल्बमचं शेवटचं पान होतं ते. पण प्रिंटर घरघरला, जरा थांबला, आणि त्या महागाच्या चकचकीत कागदावर हळूहळू उतरली ती एक काळीभोर म्हैस. तीही मागून काढलेली. तिच्या पाठोपाठ दुसरी, मग तिसरी. दीपमालानं वायर उपटली तेव्हा चौथी कमरेपर्यंत बाहेर आली होती.

त्या सगळ्या म्हशी हातात घेऊन ती तशीच गल्लीत येऊन उभी राहिली. मैलूर वस्तीतली दुपार. बायका ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले.

"ह्या म्हशी कुणाच्या हायत?" तिनं विचारलं.

समोरच्या घराच्या गच्चीवरून एक डोकं बाहेर आलं. विस्कटलेले केस, नाकावर घसरलेला चष्मा.

"माझ्या," तो वरून म्हणाला. मग जरा अडखळून – "म्हंजे... फोटो माझे. म्हशी जनवाड्याच्या."

"मग जनवाड्यात छापा की. माझ्या प्रिंटरवर कामून?"

"तुमच्या प्रिंटरवर?" त्यानं वळून आपल्या खोलीत पाहिलं. "तरीच. मी मघापासून बटण दाबायलोय आणि माझा प्रिंटर मुका बसलाय. म्हटलं, गेला कामातून."

"म्हंजे अजून यायच्या हायत?"

"तसं... व्हय. पण त्यातल्या दोन गाभण हायत," तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की जणू गाभण म्हशीला कागद माफ असतो.

दीपमालाला हसू आलं. आपल्याला हसू आलं याचा तिला आणखीनच राग आला, आणि ती पाय आपटत घरात गेली.

तर हा डॉक्टर राजपाल. औरादचा पोरगा, जनवाड्याला गुरांचा डॉक्टर म्हणून नुकताच आलेला, समोरच्या माडीवर भाड्यानं राहणारा. त्यानं आणलेला प्रिंटर नेमका दीपमालाच्या प्रिंटरच्याच कंपनीचा, त्याच नावाचा. त्याच्या फोनला दोघांतला फरक कळेना, आणि हा बाबा दरवेळी यादीत वर दिसेल त्यावर बोट ठेवायचा.

पण खरी गोम त्याच्यात नव्हती, घरातच होती. दीपमालाच्या घरचं वायफाय उघडं होतं, सताड. पासवर्ड नाही, काही नाही. गल्लीत येईल त्यानं जोडावं. डॉक्टरानंही फोन आणि प्रिंटर दोन्ही त्यालाच जोडले होते. राऊटरच्या मागं तिनं आपली हार्ड डिस्क लावली होती, कॉम्प्युटरवरून, फोनवरून, टीव्हीवरून कुठूनही काम उघडता यावं म्हणून. त्या डिस्कवर गल्लीनं आपापले सिनेमे, बारशाचे व्हिडिओ, कुणाच्या तरी नातवाच्या कविता आणून टाकल्या होत्या. प्रिंटरमधून कधी कुणाचं हॉल तिकीट यायचं, कधी कुणाचं आधार कार्ड.

तिनं कितीदा पासवर्ड टाकायचं काढलं होतं. पण वडील – नरसिंग गुरुजी, जन्मभर शाळेत शिकवून आता निवृत्त – ऐकतील तर शपथ.

"माझ्या आज्याला विहिरीवर वरून पाणी वाढायचे," ते म्हणायचे. "हातभर लांब उभं राहून, वंजळ धरून. मागितल्याबिगर मिळायचं न्हाई, मागून बी कधी मिळायचं, कधी न्हाई. माझ्या घरात जे हाय, ते कुणाला मागून घ्यायची पाळी येऊ द्यायची न्हाई मी."

आज्याच्या ओंजळीपुढं प्रिंटरची शाई म्हणजे किस झाड की पत्ती. दीपमाला आतल्या आत धुमसायची. सगळ्यांना सगळं द्यावं, पटतं की. पण जगात एक तरी कोपरा असा असावा ना, जिथं विचारल्याशिवाय कुणी येणार नाही? एवढंच मागणं होतं तिचं.

दुसऱ्या दिवशी तिनं सूड घेतला. यादीतल्या दुसऱ्या नावावर बोट ठेवून मोठ्या अक्षरांत छापलं: "तुमच्या म्हशी घेऊन जावा. चारा संपला." समोरच्या माडीवर प्रिंटर घरघरला. थोड्या वेळानं तिच्या प्रिंटरमधून उत्तर आलं: "संध्याकाळी दावं घेऊन येतो. चहा मिळंल का?"

तो आला. येताना कोऱ्या फोटो कागदाचं नवं पाकीट आणलं, आणि पार्वतीबाईंसाठी, म्हणजे दीपमालाच्या आईसाठी, जनवाड्याचा खवा. पार्वतीबाई खव्यावर खूश, गुरुजी त्याच्या "जयभीम, गुरुजी"वर खूश. एकटी दीपमाला सोडून सगळं घर त्याच्या खिशात गेलं.

मग हे रोजचंच झालं. तिनं प्रिंटरला वेगळं नाव देऊन पाहिलं, त्याला दहादा समजावलं. तो मान डोलवायचा, आणि संध्याकाळी पुन्हा तिच्याच प्रिंटरवर काहीतरी छापायचा.

"डॉक्टर, तुम्हाला खरंच कळत न्हाई, का मुद्दाम करायलात?"

"पहिले दोन दिवस कळत नव्हतं," तो चहाच्या कपात बघत म्हणाला.

"आणि मग?"

"मग... कळाय लागलं."

तिनं कप इतक्या जोरात उचलला की बशीत चहा सांडला. कान मात्र गरम झाले होते. मेल्याला बोलायचं तर सरळ बोलावं ना, असं कपात बघून काय बोलायचं?

आणि मग तो दिवस उजाडला. जनवाड्याच्या निलम्मांच्या लेकीचं लग्न होऊन पंधरवडा झाला होता. त्या लग्नाचे फोटो श्रीपतराव स्टुडिओवाल्यांनी – दीपमाला त्यांचेच अल्बम बनवायची – काढून दीपमालाच्या डिस्कवर टाकले होते आणि पुढच्या लग्नासाठी कॅमेऱ्याचं कार्ड पुसून मोकळे झाले होते. दीपमालानं सकाळी "जनवाडा" नावाचा फोल्डर शोधला. फोल्डर नव्हता. तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं, कविता करणाऱ्या नातवाच्या फोल्डरात पाहिलं. कुठंच नाही. "जनवाडा फोल्डर कुठं गेला?" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की आवाज समोरच्या माडीवर गेला. दुसरी प्रत ठेवा, दुसरी प्रत ठेवा म्हणून ती जगाला सांगत फिरायची, आणि स्वतःचं भांडं तेवढं उघडं!

दारात राजपाल उभा होता. चेहरा पार उतरलेला.

"दीपमाला... काल डिस्क भरली म्हणून दाखवायलं होतं. मला लसीकरण शिबिराचे फोटो टाकायचे होते. 'जनवाडा' दिसलं. म्हटलं, जनवाडा म्हंजे आपल्याच जुन्या म्हशी... न उघडताच उडवलं. आता तुमचा आवाज ऐकला आणि कळलं."

ती त्याच्यावर ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुमच्यासाठी 'डॉक्टर' म्हणून वेगळा फोल्डर करून दिला होता मी," शेवटी ती म्हणाली. "एवढा एक. बाकी सगळ्या गल्लीला दिला न्हाई, तुम्हाला दिला. आणि तुम्हीच..." डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं, असं तिनं स्वतःला बजावलं.

उडवलेले फोटो परत काढायचा प्रोग्राम तिनं लावून पाहिला. पण त्याच जागेवर लसीकरणाच्या म्हशी जाऊन बसल्या होत्या. हाती लागली ती अर्धी नवरी, बाकी करडा पट्टा. अक्षतांचा एकही फोटो नाही. श्रीपतरावांना कळलं तर काम बंद. हे काम तिनं एकटीनं उभं केलं होतं, कुणाच्या ओळखीविना.

"चला," राजपाल म्हणाला.

"कुठं?"

"जनवाड्याला. लग्नात कॅमेरा एक होता, फोन गावभर होते. आणि कुणाच्या गोठ्यात काय हाय ते मला माहीत हाय. कुठल्याबी घरात घेतील मला."

जायचं नव्हतं तिला. पण न जाऊन करणार काय? ती मोटरसायकलवर मागं बसली, दोघांत पिशवी ठेवून, तोंड बाजूला करून. दोन्हीकडं लाल माती, शेंगांनी वाकलेल्या तुरी, गार वारा. राग धरून बसायला असली हवा काही कामाची नसते. तिनं तरी नेटानं धरला.

पहिलंच घर निलम्मांचं. राजपाल काही सारवासारव करील असं दीपमालाला वाटलं होतं. त्यानं चप्पल काढली आणि सरळ सांगितलं, "निलम्मा, लेकीच्या लग्नाचे फोटो माझ्या हातून गेले. ह्या मॅडमची चूक न्हाई. माझी हाय."

निलम्मांनी दोघांना खालून वर न्याहाळलं. "फोटो गेले, लगीन तर न्हाई न गेलं?" त्या म्हणाल्या. "बसा अण्णा, चहा घ्या. फोन गोळा करू."

मग घरोघर. कुणाच्या फोनमध्ये अक्षता होत्या पण नवरा नव्हता, कुणाकडं नवरा होता पण डोळे मिटलेला. एका काकांनी सबंध लग्नात फक्त जेवणाची पंगत टिपली होती. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी एखादं जनावर. राजपाल गोठ्यात वाकून बघायचा आणि दीपमाला फोनवरून फोटो घ्यायची. आणि नवरीच्या आजीनं – सिद्धव्वानं – थरथरत्या हातानं काढलेला एक फोटो मिळाला. नवरी निघताना आईच्या खांद्यावर डोकं टेकवून उभी, जरा धूसर, जरा तिरपा. श्रीपतरावांच्या कॅमेऱ्यात असलं काही नव्हतं. दीपमाला तो बघतच राहिली.

निघताना निलम्मा म्हणाल्या, "जोडा ब्येस हाय बगा तुमचा."

"आमचं लगीन न्हाई झालं," दीपमाला घाईनं म्हणाली.

"मग कामून थांबलाव?"

राजपालला ठसका लागला. परतीच्या वाटेवर पिशवी या खेपेला हँडलला अडकवली होती... कुणी, ते कुणी विचारलं नाही.

अल्बम झाला, श्रीपतरावांना पसंत पडला. दीपमालानं त्यांना सगळं खरं सांगितलं. ते आधी तडकले, मग म्हणाले, पुढच्या अल्बममध्येही पाहुण्यांचे फोटो घालत जा. पण दीपमाला आता हटायला तयार नव्हती. त्याच संध्याकाळी ती वडिलांसमोर बसली.

"अप्पा, दोन वायफाय करायलेय मी. एक गल्लीचं, असंच उघडं. दुसरं माझ्या कामाचं. डिस्क आणि प्रिंटर त्याच्यावर. त्याला कुलूप."

गुरुजींचा चेहरा कडवट झाला. "कुलूप?"

पार्वतीबाई आतून भाकरी थापता थापता बोलल्या, "व्हय, कुलूप. विहीर सगळ्यांची असावी, खरं हाय. म्हणून विहिरीत उतरून म्हशी धुवू देताव का? पोरगी रडली त्या दिवशी, दिसली न्हाई तुम्हाला?"

गुरुजींनी आत चुलीकडं पाहिलं. मग म्हणाले, "दिसली." आणि थोड्या वेळानं, "लाव कुलूप. पण मग पक्कं लाव. घरातल्या माणसाशिवाय कुणाला द्यायचं न्हाई. एकाला दिलं, एकाला न्हाई, असलं मला चालायचं न्हाई. डॉक्टरालासुद्धा न्हाई."

"न्हाई देणार," दीपमाला म्हणाली. हवं ते मिळालं होतं. मग छातीत असं रितं रितं का वाटावं?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला राजपाल ओट्याशी आला. हातात फोन.

"तुमचा प्रिंटर दिसंना झालाय."

"तुमचा स्वतःचा हाय की."

"हाय. चांगला चालायलाय. तेच तर दुखणं हाय." तो ओट्याच्या पायरीवर थबकला. "एक नवीन नाव दिसायलंय. आत घेईना. पासवर्ड मागायलंय."

"ते घरच्यांसाठी हाय. अप्पांनी सांगितलंय, बाहेरच्या कुणाला द्यायचं न्हाई."

"म्हंजे मी बाहेरचा."

ती नखानं दाराच्या चौकटीचा रंग खरवडत राहिली. इतके दिवस हा माणूस न विचारता येत होता, आणि आज... आज पहिल्यांदा दारात थांबून विचारत होता. हेच हवं होतं ना तिला?

"दीपमाला," तो म्हणाला, आणि या खेपेला कपात नाही, जमिनीकडं नाही, तिच्याकडं बघून म्हणाला, "मला प्रिंटर नको, डिस्क नको. पुन्हा कशाला हात लावणार न्हाई. मला तुम्ही पाहिजे. औरादहून आई-अप्पांना रविवारी बोलावू का? तुम्ही न्हाई म्हणलाव तर खोली बदलतो. रोज समोरून बघणं जमणार न्हाई मला."

काय माणूस आहे, तिला वाटलं. महिनाभर म्हशी छापल्या, आणि बोलला तेव्हा सगळं एका दमात.

"फोन द्या इकडं," ती म्हणाली.

त्यानं दिला. तिनं एक एक अक्षर टाकलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जोडलं गेलं. तो फोनकडं बघतच नव्हता.

आतून गुरुजींचा आवाज आला, "दारात कोण हाय गं?"

दीपमालानं एक श्वास घेतला. "घरचंच माणूस हाय, अप्पा."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. मग गुरुजी खाकरले.

"मग बाहेर कामून उभं केलीस? आत ये म्हण."