सासरे सरळच आले

हसू नका, पण त्या दिवशी मी इस्पितळात गेलो होतो ते सासरे सोंग करत नाहीत एवढं सिद्ध करायला.

मेंदूला झटका आल्यापासून त्यांना दिसत नव्हतं. डोळे ठणठणीत, मेंदूतला बघण्याचा भाग गेलेला. तरी वाटेतल्या स्टुलाला वळसा घालून ते बरोबर पुढे जायचे. सासूबाई भडकायच्या, "नाटकं सगळी! माझी बहीण आली की उठून आतल्या खोलीत जातात. ती बरी दिसते?"

"तिला ओळखायला डोळे कशाला लागतात?" सासरे म्हणायचे.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "डोळे पाहतात, पायांना कळवतात. फक्त यांना स्वतःला कळवत नाहीत."

"म्हणजे घरी चालतं तसंच," सासरे म्हणाले.

भर दुपारी वरच्या मजल्यावरच्या लांबलचक पॅसेजमध्ये बाईंनी कॅमेरा लावला. आम्ही दोघांनी खुर्च्या, खोकी, कचऱ्याची बादली आडवीतिडवी मांडली आणि सासऱ्यांना सांगितलं, वाट मोकळी आहे. जन्मभर बस चालवलेला माणूस! कुठेही न घासता पार पोचला.

"वळलात का, बाबा?"

"कुठे वळलो? सरळच आलो."

मग सगळं उचलून वाट खरोखरच मोकळी केली. पुन्हा चालवलं. फिनेलचा वास... ट्यूबलाइटची बारीक गुणगुण... आणि सासऱ्यांच्या चपला, चटक, चटक. मध्यावर चटक थांबली. त्यांनी भिंतीला पाठ लावली, पोट आत ओढलं आणि आडवे सरकत पुढे गेले. जिन्यात एखाद्या आडव्या अंगाच्या माणसाला वाट द्यावी तसे.

"बाबा... काय होतं तिथे?"

"काय असणार? सरळच तर आलो."

पुन्हा चालवलं. तीच जागा, तेच पोट आत. शेवटी मीच तरातरा जाऊन बघून आलो. फरशी होती, भिंत होती. बस.

बाईंनी रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर आम्ही दोघं गप्पा मारत खुर्च्या नेत होतो. मध्यावर आलो की बाई भिंतीला पाठ लावायच्या. मागोमाग मी. दर खेपेला. बोलणं न थांबवता. आणि मी बघायला गेलो होतो ना? पडद्यावरचा मी त्या जागेवर गेलोच नव्हतो. पोट आत घेऊन कडेकडेने गेलो, तसाच परत आलो.

"तुम्हाला... काही दिसलं होतं?" बाईंनी विचारलं.

"छे. तुम्हाला?"

"मी तर सरळच..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

मी आणि सासरे मागच्या जिन्याने उतरलो. घरी सासूबाईंनी दार उघडलं. मी घाईघाईने सांगितलं, "सोंग नाही, आई. डॉक्टरांनी स्वतः पाहिलं."

"बरं बाई, नसेल," त्या म्हणाल्या. "पण अहो, दार लावा की! वारा येतोय."

"कधीचं लावलंय," सासरे म्हणाले.

त्यांनी दार सताड उघडं धरलं होतं. थोड्या वेळाने ते त्यांनी अगदी हळू लोटलं... मागून येणाऱ्याच्या टाचेला लागू नये, अशा बेताने.