पुढचा खांदा

"आक्का, त्याला सांग, दुपारपर्यंत अंगण मोकळं झालं पायजे!" ओट्यावरून बाळाराम बोलला. समोर अंगणात सख्खा धाकटा भाऊ जुन्या जीपमधून उतरवलेलं इंजिन उघडत बसला होता, पण त्याच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"आक्का, दादाला सांग, व्हईल." मनोजनेही मान वर केली नाही.

दोघांची थोरली बहीण आक्का मधे उभी होती. ती कुणालाच काही सांगत नव्हती, कारण दोघांनाही सगळं ऐकू येत होतं. पण वडील गेल्यापासून हे भाऊ एकमेकांशी बोलत ते तिच्याच तोंडून, आणि तेही वर्षा-दोन वर्षांत कधीतरी! आज मनोज पडघ्याच्या आपल्या गॅरेजातून टेम्पो घेऊन आला होता, तोही मायेने नव्हे. अंगणाची जागा गोदामवाल्याला द्यायची होती, जीप भंगारात जायची होती; त्याआधी कामाचे पार्ट काढून न्यावेत, एवढाच कोरडा निरोप बाळारामने धाडला होता.

निरोप पोचवताना आक्काची जीभ जड झाली होती. ते इंजिन उघडलं की आतून काय निघेल, हे, देवा, तिला एकटीला ठाऊक होतं! सकाळीच तिने आपल्या लुगड्यांचं गाठोडं बांधून दारामागे ठेवलं होतं.

बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मनोज हीच जीप दुरुस्त करताना इंजिनाचं वरचं झाकण काढून जेवायला उठला होता. शेजारच्या कापडाच्या लूममधून सुताची लव नेहमीसारखी उडत होती. भावाच्या कामात कचरा जाऊ नये, या वेड्या मायेपोटी आक्काने हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी फाडली, ऑइल खाली उतरायच्या उघड्या भोकात बोटाने खोल कोंबली... आणि सांगायची विसरली! तेवढ्यात लाईट गेली. मनोजने अंधारातच चाचपडत झाकण बसवलं. पहाटे बाबांच्या छातीत कळ आली, आणि कल्याणच्या दवाखान्याकडे सुसाट निघालेली जीप वाटेत कोन गावाजवळ जी बंद पडली ती पुन्हा हललीच नाही. बाबांनी रस्त्यातच प्राण सोडला.

"तुज्या हलगर्जीपनानं बाबा गेलं! खबरदार तिरडीला हात लावशील तं!" सगळ्या आळीसमोर बाळाराम गरजला होता. बापाला खांदा न देता मनोज परक्यासारखा मागून चालत गेला होता. दारात उभ्या असलेल्या आक्काला तेव्हाच चिंधी आठवली होती, शब्द ओठांवर आले होते... पण नवऱ्याने टाकलेली बाई ती, या घराखेरीज तिला छप्पर कुठलं? तिने पदरात तोंड खुपसलं आणि ती गप्प राहिली. त्या एका भीतीपायी तिने एका भावाला घराला पारखं केलं होतं, आणि दुसऱ्याच्या घरात सुखाने जेवत होती!

अंगणात आता इंजिनाचं हेड निघालं. पुन्हा वापरता येतील ते वॉल्व्ह मनोजने रॉकेलने धुऊन गोणपाटावर मांडले. मग इंजिन उलटं करून तो खालचं ऑइलचं चेंबर सोडू लागला. एकेक बोल्ट थाळीत खणकन पडे आणि आक्काचं काळीज दचके.

चेंबर निघालं. ऑइल वर खेचणाऱ्या आतल्या जाळीला एक काळा बोळा घट्ट चिकटला होता. मनोजने तो ओढला, तशी आतली एक हिरवी घडी उलगडली... आणि त्याने झटकन मूठ मिटली!

"आक्का, दादाला सांग," तो शांतपणे म्हणाला, "ऑइलच कमी व्हतं. चूक माजीच."

आक्काला वाटलं, केवढी सुटका ही! आणखी एकदा गप्प राहिलं की झालं. पण तिची नजर त्या मिटलेल्या, ग्रीसने माखलेल्या मुठीवरून हटेना. तिने धावत जाऊन ती मूठ उघडली.

"बाळाराम, ही माज्या लुगड्याची चिंधी हाय! मीच कोंबली व्हती रं! बाबा माज्यामुलं गेलं, ह्याचं घर माज्यामुलं गेलं, आनि मी गप राहिली!"

मनोजला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ती म्हणाली, "मन्या... तुला ठावं व्हतं?"

"कोन गावाजवळ जीप बंद पडली, तवाच कळलं. ऑइल मोजायची पट्टी काढली, तं तिला हिरवे धागे."

"मंग बोलला का न्हाय?"

"दादानं मला हाकललं, तं माज्या हातात पाना व्हता. तुला हाकललं असतं तं कुटं गेली असतीस, आक्का?"

आक्का हंबरडा फोडून रडली. रडत रडतच तिने दारामागचं गाठोडं उचललं. "मी जाते, बाळाराम. मला ह्या घरात तोंड न्हाय."

बाळाराम ओट्यावरून उतरला. "ठेव ते आत. तुजा हात चुकला, आक्का, माजी तं मती चुकली... बापाला खांदा देऊ दिला न्हाय मी ह्याला!"

कोपऱ्यातला बांबू त्याने आणला, त्या जड इंजिनाला दोरी बांधून तिच्यातून घातला, मागचं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि थेट भावाकडे बघितलं.

"मन्या, ऊठ. टेम्पोपर्यंत न्यायचं हाय... पुढचा खांदा तुजा."

मनोजने मनगटाने डोळे पुसले आणि खांदा दिला. दोघं सावकाश निघाले. आक्का दारात उभी राहून रडत होती. आज तिने पदरात तोंड लपवलं नाही.